वाचक विचारतात: विधानसभेची निवडणूक, यादी आणि अर्ज

गोवा विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत अधिसूचना कधीही निघू शकते, त्यामुळे नाक्यानाक्यावर तारखेच्या पैजा लागतील. आमच्याकडे आलेल्या पत्रांत मात्र तारखेपेक्षा मतदारयादीची काळजी जास्त आहे, आणि ती रास्त आहे. एकूण मतदारसंघ चाळीस, एकेका ठिकाणी मतदार जेमतेम पंचवीस-तीस हजार. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला, पणजीचा ७१६ मतांनी. एका वाड्यावरची नावे इकडची तिकडे झाली तरी आमदार बदलतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सत्तरीतून पर्वरीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. नावे अजून वाळपईच्या यादीत आहेत. नवीन नोंदणी करायची, की आधी जुने नाव काढायचे? शिवाय मुलगी येत्या नोव्हेंबरात अठरा वर्षांची होते. (वाचक, पर्वरी)

दोन्ही नको. तुम्हा नवरा-बायकोसाठी नमुना ८ आहे. स्थलांतर, नाव-पत्त्यातली दुरुस्ती आणि हरवलेले ओळखपत्र या सगळ्यांसाठी तोच एक अर्ज चालतो. त्यात जुन्या ओळखपत्राचा क्रमांक लिहिला की वाळपईतले नाव निघून पर्वरीत लागते, आणि क्रमांक तोच राहतो. घाईत लोक नमुना ६ भरतात. तो पहिल्यांदाच नोंदणी करणाऱ्यांसाठी आहे. आधीचे नाव असताना तो भरला तर एकाच माणसाची दोन नावे होतात, आणि आपले नाव कुठेच नाही असे खोटे निवेदनही त्यात सहीनिशी दिलेले असते. त्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

भाडेकरूंचे घोडे पुराव्यापाशी अडते. भाडेकरार चालतो, पण नोंदणीकृत. अकरा महिन्यांचा नुसता नोटरी केलेला कागद पुरत नाही आणि वीजबिल तर घरमालकाच्या नावावर असते. आधारवरचा पत्ता बदलून घेतला असेल, किंवा बँकेच्या चालू पासबुकावर नवा पत्ता असेल, तर ते जोडा. काहीच नसेल तरी अर्ज करा, मग प्रत्यक्ष घरी पडताळणी होते. इथेच बरेच अर्ज बाद होतात. बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी) दुपारी येतो, दाराला कुलूप, आणि शेरा पडतो ‘पत्त्यावर आढळले नाहीत’. अर्जात चालू मोबाईल क्रमांक द्या, शेजाऱ्याला सांगून ठेवा आणि आठवड्याने अर्जाची स्थिती बघा. वाळपईत वडिलोपार्जित घर आहे म्हणून नाव तिथेच ठेवू, असेही काही जण म्हणतात. कायद्याला घराची मालकी नव्हे, नेहमीचे राहणे लागते.

मुलीसाठी नमुना ६. वर्षाला चार अर्हता दिनांक असतात, म्हणजे ज्या तारखेला वय अठरा पूर्ण असावे लागते त्या तारखा: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. नोव्हेंबरात अठरा पूर्ण होतात म्हणजे तिला १ जानेवारी २०२७ हा दिनांक लागू होईल. अर्ज आगाऊ करता येतो. तिचा पत्ता तुमच्या पुराव्यावर चालेल, पण तुमचे नाव आधी त्याच पत्त्यावर लागलेले हवे. म्हणून क्रम आधी तुमचा, मग तिचा.

शेवटची मुदत किती जवळ असते हे मागच्या वेळापत्रकावरून कळेल. २०२२ ची निवडणूक ८ जानेवारीला जाहीर झाली आणि उमेदवारी अर्जांचा शेवटचा दिवस होता २८ जानेवारी. त्या दिवशी दुपारी तीनला यादी गोठते. हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणजे अर्ज निदान दहा दिवस आधी पोचायला हवा. घोषणा झाल्यावर जाग आलेल्यांच्या हातात तेव्हा जेमतेम दहा दिवस होते.

जिल्हा पंचायतीला मी मतदान केले होते. मग विधानसभेच्या यादीत माझे नाव असणारच ना? (वाचक, डिचोली)

असे गृहीत धरू नका. ४ नोव्हेंबर २०२५ पासून गोव्यात मतदारयादीचे विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे नव्याने तपासणी, झाली, घरोघरी गणना अर्ज दिले गेले. डिसेंबर २०२५ च्या जिल्हा पंचायत मतदानाला वापरलेली यादी आणि पुनरीक्षणानंतरची यादी एक नव्हे. नुसते नाव शोधून थांबू नका, भाग क्रमांक आणि अनुक्रमांकही टिपून ठेवा. ओळखपत्र खिशात असणे म्हणजे यादीत असणे नव्हे. उलट यादीत नाव असेल तर ओळखपत्र नसले तरी आधार, पॅन, पारपत्र, वाहन परवाना किंवा फोटो असलेले बँक-टपाल पासबुक दाखवून मत देता येते.

यजमान तारवटी आहेत, आठ महिने बोटीवर असतात. दीर सहकुटुंब पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेले. दोघांचीही नावे यादीत आहेत. काही करावे लागेल का? (वाचक, सासष्टी)

दोन्ही गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. यजमान कामासाठी तात्पुरते बाहेर असतात, त्यामुळे त्यांचे घर तुमच्याकडेच धरले जाते आणि नाव राहू द्यावे. पण मत द्यायचे तर स्वतः केंद्रावर हजर राहावे लागेल. व्यापारी जहाजांवरच्यांना टपाली मत नाही, त्यांच्या वतीने तुम्हालाही देता येणार नाही. भारतीय पासपोर्टवर परदेशात नोकरी करून तिथेच राहणाऱ्यांसाठी नमुना ६अ असतो. त्यांनाही इथे येऊन मूळ पासपोर्ट दाखवूनच मत द्यावे लागते.

दिरांनी परक्या देशाचे नागरिकत्व घेतले त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व संपले. ओसीआय कार्डाने (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळते ते) येणे-जाणे सोपे होते, मताचा हक्क मिळत नाही. नमुना ७ भरून नाव काढून घ्यावे. असे नाव मागे ठेवले की त्याच्यावर दुसराच कोणी मत देण्याची शक्यता राहते, आणि उत्तरे देत बसायची वेळ घरच्यांवर येते.

वडील ८७ वर्षांचे आहेत. घरून मतदान कसे करायचे? (वाचक, फोंडा)

वय ८५ च्या वर असेल किंवा अपंगत्व ४० टक्के वा जास्त असेल तर नमुना १२ड भरायचा. अधिसूचनेपासून पाच दिवसांच्या आत तो द्यावा लागतो. तो मंजूर झाला की केंद्रावर मत देता येत नाही. मतदान पथक घरी आले तेव्हा वडील इस्पितळात असले आणि दुसऱ्या फेरीलाही भेटले नाहीत, तर मत गेलेच.

केंद्रावर गेलो तर माझ्या नावावर आधीच कोणी मत दिलेले. मग? (वाचक, पेडणे)

परत फिरू नका. ओळख पटवून प्रदत्त मत मागा. यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर शिक्का मारून मिळते आणि वेगळ्या पाकिटात बंद होते. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत. निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका झाली, तर तिथे ते उघडले जाऊ शकते. ७६ मतांच्या निकालात अशी पाकिटे किती होती, हे विचारावेसे वाटतेच.

अपक्ष उभे राहायचे आहे. मी मुरगावचा मतदार, लढायचे प्रियोळातून. अर्ज कशामुळे बाद होतात? (वाचक, वास्को)

वय २५ पूर्ण आणि गोव्यातल्या कुठल्याही मतदारसंघात नाव, एवढे पुरते. मात्र मुरगावच्या यादीतल्या तुमच्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडा. सूचक, म्हणजे तुमचे नाव सुचवणारे मतदार, दहा लागतात आणि ते दहाही प्रियोळच्याच यादीतले हवेत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच पुरतो. अनुक्रमांक चुकला तर दुरुस्त होतो, पण सूचक शेजारच्या मतदारसंघातला निघाला तर इलाज नाही. म्हणून बारा-तेरा जणांची नावे यादीत पडताळून ठेवा आणि दोन-तीन अर्जसंच भरा. चारपर्यंत मुभा आहे.

अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रातला एकही रकाना कोरा सोडू नका, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. सर्वात जास्त विसरतात ती उमेदवाराची राज्यघटनेवरच्या निष्ठेची शपथ. अर्ज भरल्यानंतर आणि छाननीच्या तारखेआधी ती घ्यावी लागते, छाननीच्या सकाळी घेतलेली चालत नाही. निवडणूक खर्चाचे वेगळे बँक खाते अर्जाच्या निदान एक दिवस आधी उघडा. २०२२ मध्ये ठरलेली खर्चमर्यादा २८ लाख रुपये. हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यावा लागतो, नाहीतर तीन वर्षे अपात्र. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना ५,०००. वैध मते २२,००० पडली तर अनामत वाचवायला ३,६६७ लागतील.

निवडून आल्यावर आमदार पक्ष बदलतो. मतदाराच्या हाती काय उरते? (वाचक, कुडचडे)

कायद्याने तरी काही नाही, आमदार परत बोलावण्याची सोय आपल्याकडे नाही. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, पक्षाच्या दोन तृतीयांश आमदारांच्या विलीनीकरणाला संरक्षण आहे, आणि छोट्या विधानसभेत हा आकडा हाताच्या बोटांवर मोजता येतो. २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० जण भाजपमध्ये गेले, बरोबर दोन तृतीयांश. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ गेले, तेव्हाही आठच लागत होते. दोन आमदारांच्या पक्षात दोघांनाही जावे लागते. अपक्षाला मात्र ही पळवाट नाही. निवडून आल्यावर तो पक्षात शिरला तर अपात्र ठरतो, म्हणून अपक्ष बाहेरून पाठिंबा देतात आणि पक्षात प्रवेश करत नाहीत. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, खुरसाकडे (क्रॉसपाशी) आणि दर्ग्यात घेतलेल्या पक्षनिष्ठेच्या शपथांना कायद्याच्या लेखी किंमत नव्हती.