छत्रीतला पुतळा कोणाचा?

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत दिल्लीची सात चित्र-पोस्टकार्डं सापडली. एकावर इंडिया गेट आहे, खाली इंग्रजीत 'वॉर मेमोरियल आर्च' छापलंय. शेजारच्या छत्रीत पांढरा पुतळा दिसतो. मुलगा म्हणतो, नेताजींचा. मागे नये पैशांचं तिकीट, शिक्का अर्धा त्याच्यावर, अर्धा कार्डावर. कार्ड कधीचं असेल? तिकीट सोडवून सगळी लॅमिनेट करून घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, लॅमिनेशन अजिबात करू नका. तापलेलं प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, नंतर काही केल्या निघत नाही. तिकिटालाही हात लावू नका. शाळेत असताना मी एका कार्डाचं तिकीट पाण्यात भिजवून काढलं. अर्धा शिक्का तिकिटाबरोबर गेला आणि कार्डाची तारीखही. त्याची हळहळ अजून वाटते.

आता पुतळा. नेताजींचा पुतळा काळ्या ग्रॅनाइटचा, २०२२ मध्ये बसवलेला. तुमच्या चित्रातला पांढरा म्हणजे संगमरवरी पंचम जॉर्ज. याच राजाने १९११च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेत असल्याचं जाहीर केलं होतं. इंडिया गेट खुलं झालं १९३१ साली, छत्रीतला राजा आला १९३६ मध्ये. स्वातंत्र्यानंतरही तो वीस वर्षं तिथेच उभा होता! १९६८ मध्ये त्याला हलवलं, पुढे दरबाराच्याच जागी, कोरोनेशन पार्कात ठेवलं. म्हणजे फोटो १९३६ ते १९६८ मधला. नये पैसे १ एप्रिल १९५७ला आले, तेव्हा कार्ड टाकलंय त्यानंतरच. छापलेलं मात्र आधीचं असू शकतं. दुकानात जुनी कार्डं वर्षानुवर्षं विकली जात. नेमकी तारीख शिक्क्यातच मिळेल. खिडकीशी बसून भिंगातून बघा.

भिंग हातात आहेच, तर चित्रही बघा. बारीक ठिपके दिसले तर ते छापील. ठिपके नसून छटा सलग असतील आणि कार्ड तिरकं धरल्यावर काळ्या भागात चांदीसारखी झाक मारत असेल, तर तो खराखुरा फोटो. त्याच्यावर बोटं टेकवू नका, कडेनेच धरा.

कार्डं डिंकाने चिकटवू नका, कागदी कोपऱ्यांत अडकवा. पावसाळ्यात ट्रंकेत नकोत. ओल आणि कसर दोन्ही लागतात.

उरलेल्या सहांतही इंडिया गेट असेल, तर कमानीखाली उलटी बंदूक आणि तिच्यावर शिरस्त्राण दिसतंय का पाहा. ती अमर जवान ज्योत, २६ जानेवारी १९७२ची. त्या कार्डावर छत्री रिकामी दिसेल.