गाडीवरून ट्रेलरची बॅटरी चार्ज करताना
अरे, गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सात पिनच्या प्लगमधून येणाऱ्या बारीक वायरवर विसंबू नकोस, मी पण आधी तेच केलं, दिवसभर गाडी चालवली आणि रात्री ट्रेलरमधला फ्रिज बंद! मीटर लावला तर अल्टरनेटरपाशी (इंजिनावर चालणारा गाडीचा जनरेटर) १४.२ व्होल्ट आणि मागे ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत पोचेस्तोवर जेमतेम १३, मग ती भरणार कशी. सरळ जाड केबल टाक आणि डीसी-डीसी चार्जर (कमी आलेला व्होल्टेज वाढवून बॅटरीला हवा तेवढा देणारा) ट्रेलरमध्येच, बॅटरीच्या जवळ बसव. नवीन गाड्यांचा स्मार्ट अल्टरनेटर मधेच व्होल्टेज पाडतो, तिथे गाडीची आणि ट्रेलरची बॅटरी नुसती जोडून देणारा रिले कामाचा नाही, आणि ट्रेलरची बॅटरी लिथियमची असेल तर हा चार्जर हवाच. फ्यूज मात्र दोन्ही बॅटऱ्यांजवळ लाव, एकाच टोकाला लावून मोकळा होऊ नकोस.