राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि तुझे भाषण

चि. मित्रास अनेक उत्तम आशीर्वाद.

वादविवाद स्पर्धेसाठी तू लिहिलेले भाषण काळजीपूर्वक वाचले. राष्ट्रपतींच्या अप्रत्यक्ष निवडणुकीची, म्हणजे जनतेऐवजी खासदार-आमदारांनी राष्ट्रपती निवडण्याची बाजू तू घेतली आहेस, ती मलाही पटते. परंतु सुरुवात खर्चाच्या बचतीपासून केली आहेस आणि तीच तुझी लंगडी बाजू आहे. खर्चासाठी निवडणूक टाळायची, तर लोकसभेची तरी कशाला घ्यायची, असे प्रतिपक्ष विचारील. तो परिच्छेद सरळ काढून टाक.

आरंभ पदाच्या अधिकारांपासून कर. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार वागावे, अशी आपल्या राज्यघटनेची योजना आहे. आता समज, देशभर सभा गाजवून, जाहीरनामा मांडून आणि कोट्यवधी मते मिळवून एखादी व्यक्ती राष्ट्रपती भवनात गेली, आणि पंतप्रधानांकडून आलेल्या वटहुकमावर सही करण्याऐवजी 'मलाही जनतेनेच निवडले आहे' असे म्हणाली, तर कारभाराची जबाबदारी नेमकी कोणाची? थेट निवडून आणायचे आणि खरे अधिकार मात्र द्यायचे नाहीत, यातली विसंगती पंडित नेहरूंनी जुलै १९४७ मध्ये घटना समितीपुढे मांडली होती. समितीचे सदस्य के. टी. शहा यांचा थेट निवडणुकीचा आग्रह समितीने स्वीकारला नाही.

संघराज्याच्या मुद्द्यावर तू फार घाई केली आहेस. तेथे गणित फळ्यावर मांडल्यासारखे सांग. १९७१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख; तिला २८८ आमदारांनी आणि मग १,००० ने भागले की प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ येते. उत्तर प्रदेशात ते २०८, तर सिक्कीममध्ये ७ आहे. २०२२ मध्ये सर्व आमदारांच्या मतांचे एकूण मूल्य ५,४३,२३१ होते आणि खासदारांचे ५,४३,२००. म्हणजे केंद्र आणि राज्ये यांचे पारडे जवळजवळ समतोल राहते, आणि केवळ लोकसभेतल्या बहुमताच्या बळावर हे पद मिळत नाही. आकडे अजून १९७१ चेच का, असा आक्षेप आला तर तो टाळू नकोस. लोकसंख्यावाढ रोखणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये म्हणून ते गोठवले आहेत, एवढे सांगून पुढे जा.

या निवडणुकीत मतदान गुप्त असते आणि पक्षादेश लागू होत नाही, हे तुझ्या भाषणात आलेलेच नाही. २००७ मध्ये भाजपशी युती असूनही शिवसेनेने प्रतिभाताई पाटील यांना मते दिली, हा दाखला श्रोत्यांना चटकन पटेल. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी यांचा विजय दुसऱ्या पसंतीची मते (मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात) मोजल्यावर ठरला, हेही एका वाक्यात येऊ दे.

प्रतिपक्षाचा खरा हल्ला १९७५ च्या आणीबाणीवरून होईल: मंत्रिमंडळाची बैठक होण्यापूर्वीच राष्ट्रपतींनी सही केली, ती थेट निवडून आलेल्या व्यक्तीने केली नसती, असे ते म्हणतील. या हल्ल्याला कमी लेखू नकोस. मात्र जर्मनीत अध्यक्ष हिंडेनबर्ग थेट जनतेच्या मतांनी निवडून आले होते, तरी १९३३ मध्ये नागरी हक्क स्थगित करणाऱ्या आदेशावर त्यांनीच सही केली, आणि १९४९ च्या घटनेत जर्मनीने अध्यक्षाची निवड अप्रत्यक्ष केली. आपल्याकडेही निवडणुकीची पद्धत कायम ठेवून, १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला. हे दोन्ही दाखले मूळ भाषणात खर्च करू नकोस. खंडनाच्या वेळेसाठी राखून ठेव.

तुझा,
मार्गदर्शक