शिंगराची हाडे आणि सांधे मजबूत व्हावेत म्हणून कॅल्शियमचे औषध किती द्यावे?

आपले शिंगरू पाच महिन्यांचे आहे, त्याला भिजवलेले हरभरे, गव्हाचा कोंडा आणि गूळ चालू आहे, आणि हाडांसाठी गाई-म्हशींच्या कॅल्शियमचे पातळ औषध रोज किती मिलिलिटर पाजावे, असे आपण विचारले आहे. मिलिलिटरचा आकडा मी देणार नाही, कारण कोंडा चालू असेपर्यंत त्या बाटलीचा हिशेब लावण्यात अर्थ नाही. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस सुमारे 1 टक्का आणि कॅल्शियम जेमतेम 0.15 टक्के असते. हरभऱ्यातही फॉस्फरसच जास्त. शिंगराच्या एकूण खाण्यात मात्र कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट असावे लागते, आणि हे प्रमाण उलटे झाले की शरीर रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी ते हाडांतून काढून घेऊ लागते.

हे इतके ठामपणे लिहिण्याचे कारण आमच्याच दावणीला घडले आहे. आमच्या काठेवाडी घोडीला चैत्रात शिंगरू झाले आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात ते उभे करायचे, असे थोरल्या काकांनी त्याच दिवशी ठरवून टाकले. बाजारात चकाकणाऱ्या, भरलेल्या अंगाच्या शिंगराला भाव येतो, ही गोष्ट खरीच आहे. त्यामुळे आषाढापासून हरभरे, कोंडा, गूळ, वरून गाईचे दूध आणि तूप असा सरबराईचा थाट सुरू झाला, आणि उड्या मारून पाय मोडून घेऊ नये म्हणून शिंगरू दिवसभर बांधलेले. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, निम्मी करा, लसूण घास वाढवा आणि त्याला मोकळे सोडा, असे मी श्रावणातच सांगितले होते. त्यावर दुधातुपाने कुणाचे हाड कधी बिघडले आहे का, असा प्रश्न ऐकून घ्यावा लागला.

भाद्रपदात खरारा करताना पुढच्या दोन्ही पायांच्या घोट्यांच्या लगेच वर, नळीच्या खालच्या टोकाशी, हाताला टणक आणि कोमट फुगवटा लागला. अंगठ्याने दाबले की शिंगरू पाय झटकून घेई. समोरून पाहिले तर घोटा डमरूसारखा दिसत होता आणि पाय खुंटीसारखे ताठ पडत होते. पशुवैद्यांनी सांगितले की, हाडाच्या टोकाशी कूर्चेचा जो वाढीचा थर असतो, त्याच्यावर वेगाने वाढणाऱ्या वजनाचा ताण आला आहे. उपाय तेच निघाले: कोंडा, दूध आणि तूप बंद, चंदी निम्मी, लसूण घास आणि कडबा, तांबे व जस्त असलेले खनिज मिश्रण, खुरांची छाटणी आणि मऊ जमिनीच्या लहान आवारात फिरणे. फुगवटा हळूहळू उतरला, पण अंगही उतरल्यामुळे त्या वर्षी शिंगरू बाजारात गेले नाही. भाव गेल्याचा ठपका घरात अजून माझ्यावरच आहे. काकांच्या मते दोष आधी नालबंदाचा होता, नंतर बापाकडून आलेल्या पायांचा. वंशाचा भाग असतो, हे मी नाकारत नाही. पण त्याच घोडीचे, त्याच घोड्यापासून झालेले आदले शिंगरू आमच्या आत्याकडे साध्या चाऱ्यावर वाढले आणि त्याचे पाय सरळ आहेत, याचे उत्तर काकांनी आजवर दिलेले नाही.

आपल्यापुरते सांगायचे तर कोंडा आणि गूळ आजच बंद करावेत, बाटलीही बाजूला ठेवावी. अशा अनेक औषधांत ड-3 जीवनसत्त्व घातलेले असते आणि त्याचा अतिरेक घोड्याला अपायकारक ठरतो. चंदी शिंगराच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास, दोन-तीन वेळांत विभागून द्यावी. त्यात ओट किंवा सातू (जव) असावेत, थोडे हरभरे चालतील. सहा महिन्यांचे शिंगरू पूर्ण वाढलेल्या घोड्याच्या उंचीच्या ऐंशी टक्क्यांपुढे गेलेले असते, म्हणजे हाडांचे मोठे काम याच काळात होते, आणि त्या कामाला चरबीचा काही उपयोग नाही. फासळ्या दिसू नयेत, पण हात फिरवला तर लागाव्यात, एवढेच अंग पुरे. रोज काही तास मोकळे धावणे तितकेच आवश्यक आहे, कारण ताण पडल्याशिवाय हाड घट्ट होत नाही.

काही गोष्टी राहिल्या. लसूण घासात कॅल्शियम भरपूर असले तरी फॉस्फरस कमी असतो, म्हणून केवळ त्यावर शिंगरू ठेवू नये. दुधाच्या गाईंसाठी लावलेले हत्तीगवत मुख्य चारा करू नये. त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, आणि गाईच्या कोठीपोटात ते बरेचसे मोडते तसे घोड्यात मोडत नाही. कोंबड्यांचे किंवा गाईंचे तयार खाद्य कधीही देऊ नये, कारण त्यात मोनेन्सिन हे खाद्यात मिसळले जाणारे औषध असल्यास घोडा दगावू शकतो. घोडी पुन्हा गाभण असेल, तर शेवटच्या तीन महिन्यांत खनिज मिश्रण तिला द्यावे. घोडीच्या दुधात तांबे फार कमी असते आणि शिंगरू ते पोटातूनच यकृतात साठवून आणते. एकाच पायाचा सांधा सुजून गरम झाला, शिंगरू लंगडू लागले किंवा ताप आला, तर तो खाद्याचा प्रश्न नसून सांध्यातील संसर्ग असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवावे. घरातील वडीलधाऱ्यांचे मत नंतर घेता येते.