लहान पोटाचा हिशेब

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काय खावे, किती खावे आणि घरच्यांना कसे समजवावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे वय ४३ असून मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. सहा आठवड्यांपूर्वी माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. वजन ११२ किलोंवरून ९९ किलोंवर आले आहे, पण शाळेचा जिना चढताना पाय गळून जातात. सासूबाई दिवसातून चार वेळा तांदळाची पेज आणि वरणावरचे पाणी मायेने देतात. गेल्या रविवारी अर्धी पोळी खाल्ली, तेव्हा छातीत घास अडकल्यासारखे झाले, तोंडाला फेसाळ लाळ सुटली आणि उलटी झाली. माझे कुठे चुकते आहे? शिवाय गेली २० वर्षे मी संकष्टी करते. ती आता करावी का? (सांगली जिल्हा)

उत्तर : आपले चुकले आहे ते थोडेच, आणि तेही मायेपोटी. पेज हे आजारी माणसाचे अन्न, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला कोणी दुसरे काही देऊच धजत नाही. पहिले दोन आठवडे पातळ पदार्थांचेच असतात हे खरे. मात्र सहाव्या आठवड्यातही पेजेवर राहिलात, तर जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर मावणाऱ्या पोटात पाणी आणि पिष्टच जाते. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकलेला असतो, त्यामुळे ‘उरलेले संध्याकाळी भरून काढू’ ही सोय आता राहिलेली नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी घरची नेहमीची आमटीची वाटी सोबत आणायला सांगते आणि औषधाच्या मापाने तिच्यात पाणी ओतून दाखवते. बहुतेक वाट्या १५० मिलिलिटरच्या पुढेच भरतात. एवढ्याशा जागेत दिवसाची ६० ते ८० ग्रॅम प्रथिने बसवायची आहेत. वरणाचे पाणी वाटीभर प्यायले तरी त्यातून एक-दोन ग्रॅमच मिळतील, कारण प्रथिने तळाशी बसलेल्या डाळीत राहतात. तीच ३० ग्रॅम मुगाची डाळ घट्ट शिजवून, घोटून, लिंबू पिळून खाल्ली तर ७ ग्रॅम मिळतात. पाय गळतात त्याचे पहिले कारण मला इथेच दिसते. तरी हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यावे, आणि रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची मात्रा वजनाबरोबर कमी करायची राहून गेली नाही ना, हेही डॉक्टरांना विचारावे.

आपल्यासाठी एका दिवसाचा हिशेब मांडून दाखवते. १५० मिलिलिटर साय काढलेल्या दुधात दोन चमचे दूध पावडर घातली तर साधारण १२ ग्रॅम, एका अंड्याच्या मऊ भुर्जीतून ६, घट्ट मूगडाळीतून ७, कुस्करलेल्या ५० ग्रॅम पनीरमधून ९ आणि वाटीभर चक्क्यातून ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज ४२ होते. राहिलेली तूट शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत प्रोटीन पावडरशिवाय भरून निघणे कठीण असते, हे मी स्पष्टच सांगते. ‘पावडर म्हणजे रसायन’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना ती दुधापासूनच काढलेली असते एवढेच सांगावे आणि विषय सोडून द्यावा. मासे चालत असतील तर उकडलेली सुरमई किंवा रावस उत्तम, कारण त्यांचे तंतू मऊ असतात.

पोळीचे म्हणाल तर ती घाईची ठरली. गव्हाचे ओले पीठ चिकट असते, त्यामुळे नीट न चावलेल्या पोळीचा अरुंद जठरात गोळा होतो आणि तो खाली सरकेपर्यंत लाळ साठत राहते. तो फेस त्याचाच. मऊ भाताचेही काहींना असेच होते. अजून दोन आठवडे थांबावे, नंतर चांगली भाजलेली ज्वारीची भाकरी किंवा कडक फुलका नखाएवढा तुकडा घेऊन सुरू करावा, आणि तोही प्रथिने व भाजी खाऊन झाल्यावर. जेवण २० ते ३० मिनिटे चालू द्यावे. पोट भरल्याची खूण प्रत्येकाची निराळी असते. कोणाला उचकी लागते, कोणाचे नाक वाहू लागते. ती खूण दिसली की ‘एवढाच घास राहिलाय’ म्हणून तो घेऊ नये. पानाशेजारी तांब्या-भांडे ठेवण्याची पद्धत मात्र मोडावी लागेल, कारण जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नको. एरवी दिवसभर घोट घोट करून दीड ते दोन लिटर पाणी पोटात गेले पाहिजे.

एक गोष्ट जरा ठळकपणे सांगते. एखादी उलटी झाली तर घाबरण्याचे कारण नाही, परंतु उलट्या दोन-तीन दिवस चालूच राहिल्या तर घरी लिंबू-सरबतावर वेळ काढू नये. शरीरातला ब१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो आणि तो संपल्यावर चाल अडखळणे, एकाची दोन दिसणे, बोलण्यात गोंधळ होणे अशी मेंदूची गंभीर लक्षणे उद्भवतात. अशक्तपणा आला की गावातल्या दवाखान्यात साखरेच्या सलाइनची बाटली लावून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. ब१ आधी न देता ती बाटली लावल्यास हीच लक्षणे उफाळू शकतात. त्यामुळे कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी शस्त्रक्रियेची गोष्ट आधी सांगावी, आणि बोलण्याची ताकद नसेल तर सोबतच्या माणसाने सांगावी.

संकष्टीच्या बाबतीत माझे मत असे की पहिले वर्षभर निर्जळ किंवा दिवसभर उपाशी राहण्याचा उपास करू नये. चंद्रोदयानंतर एकदम जेवून कसर भरून काढणे आता शक्य नाही आणि साबुदाण्यात पिष्टापलीकडे जवळजवळ काही नसते. दूध, चक्का, पनीर, राजगिऱ्याची पातळ खीर असे दर दोन-तीन तासांनी घेऊन, गोळ्या न चुकवता संकष्टी धरता येईल. मोदक एक घास, चवीपुरता.

आणखी दीड-दोन महिन्यांनी केस गळू लागतील, तेव्हा धीर सोडू नये. झपाट्याने वजन उतरल्यावर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात असे होते, आणि प्रथिने, लोह व जस्त पुरेसे मिळत असतील तर केस पुन्हा येतात. महागड्या तेलांवर पैसे घालवण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझे वडील ५६ वर्षांचे असून संपूर्ण शाकाहारी आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांचे गॅस्ट्रिक बायपास झाले, मधुमेह आटोक्यात आला, वजन ३५ किलोंनी उतरले. ‘मी ठणठणीत आहे’ म्हणून त्यांनी वर्षभरापासून सर्व गोळ्या बंद केल्या आहेत. अलीकडे तळपायांना मुंग्या येतात. एका लग्नात श्रीखंड खाल्ल्यावर पंधरा मिनिटांत घाम फुटून त्यांना आडवे व्हावे लागले. सगळ्यांना हृदयविकाराचा झटका वाटला, पण कार्डिओग्राम चांगला आला. (नाशिक)

उत्तर : कार्डिओग्राम काढला हे योग्यच केलेत. तो चांगला असल्यामुळे हे ‘डम्पिंग’ असण्याची शक्यता मोठी आहे. बायपासमध्ये जठराचा सुमारे ३० मिलिलिटरचा कप्पा थेट लहान आतड्याला जोडलेला असतो. श्रीखंडासारखा साखरेचा दाट पदार्थ तिथे एकदम उतरला की शरीरातले पाणी आतड्याकडे ओढले जाते आणि १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ असे सुरू होते. एक ते तीन तासांनी हातपाय कापू लागले तर तो दुसरा प्रकार असतो, त्यात रक्तातली साखर खाली जाते. तसे झाल्यास त्याच वेळी ग्लुकोमीटरवर साखर मोजून आकडा लिहून ठेवावा.

मला अधिक काळजी वाटते ती मुंग्यांची. अन्नातले ब१२ शोषले जाण्यासाठी जठरातले आम्ल आणि जठरातच तयार होणारा एक घटक लागतो, आणि बायपासनंतर अन्न त्या भागातून जातच नाही. यकृतातला साठा दोन-तीन वर्षे पुरतो, म्हणून माणूस इतके दिवस खरोखरच ठणठणीत राहतो. शाकाहारी व्यक्तीचा साठा मुळातच कमी असतो. वडिलांचे ब१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉईड संप्रेरक या आठवड्यात तपासून घ्यावे. केवळ फॉलिक ॲसिडची गोळी आपल्या मनाने सुरू करू नये, कारण तिने रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि नसांची हानी चालूच राहते. ब१२ची इंजेक्शने किती आणि किती दिवस द्यायची ते डॉक्टर ठरवतील. उशीर झाला तर मुंग्या पूर्णपणे जातीलच असे नाही, हे वडिलांना न कचरता सांगावे.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र देऊ नये, मध्ये किमान दोन तास जावेत. कॅल्शियम ‘सायट्रेट’ स्वरूपातले असावे, कारण त्याला आम्लाची गरज लागत नाही. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको, आणि आपल्या घरांत नेमके तेच घडते. गुडघेदुखीसाठी औषधांच्या दुकानातून आणलेल्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बायपासनंतर टाळाव्यात, त्यांनी जोडाच्या जागी अल्सर होतो. तंबाखूची सवय असेल तर तीही सोडायला हवी.

प्रश्न : वय २९. सात महिन्यांपूर्वी स्लीव्ह झाली. पूर्वी अनियमित असलेली पाळी आता दर महिन्याला येते. घरात ‘आता गोड बातमी कधी?’ असे विचारणे सुरू झाले आहे. (पुणे)

उत्तर : शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने थांबावे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. सध्या आपले शरीर स्वतःचाच साठा वापरत आहे, त्यात बाळाची भर नको. पाळी नियमित झाली म्हणजे बीजनिर्मितीही होत असणार, म्हणून तोपर्यंत गर्भनिरोधनाचे साधन स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून आजच ठरवावे. उलट्या किंवा जुलाब होत असतील त्या दिवसांत तोंडाने घेण्याच्या गोळ्यांवर भरवसा नसतो. पुढे गर्भधारणा झाल्यावर मधुमेहाच्या तपासणीसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी एकदम प्यायला देतात. ते पिण्यापूर्वी आपल्या शस्त्रक्रियेची माहिती द्यावी, कारण त्या पाण्यानेही डम्पिंग होऊ शकते. त्याऐवजी आठवडाभर घरी बोटातून रक्त घेऊन साखर मोजण्याचा पर्याय डॉक्टर देऊ शकतात.