अमेरिकेत फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी (डॉक्टर झाल्यानंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण) मोठ्या विद्यापीठाच्या रुग्णालयाऐवजी कम्युनिटी हॉस्पिटलमध्ये, म्हणजे स्थानिक रुग्णालयात केली तर शिकायला कमी मिळतं का?

नाही, उलट हाताला काम जास्त मिळू शकतं. कोर्स दोन्हीकडे ३ वर्षांचाच आणि एसीजीएमईचे (अशा प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी संस्था) नियमही तेच: ४ आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला कमाल ८० तास, आणि प्रशिक्षणातल्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये (जिथे रेसिडेंट आपले ठरावीक रुग्ण बघतो) ३ वर्षांत किमान १,००० तास रुग्णसेवा.

खरा प्रश्न वेगळा आहे: त्या रुग्णालयात इतर शाखांचे रेसिडेंट आहेत का? नसतील, तर प्रसूती, टाके, सांध्यातलं इंजेक्शन, आयसीयूतले रुग्ण थेट तुमच्याकडे येतात. असतील, तर आधी त्यांचा नंबर. मात्र प्रसूती विभागच बंद झालेली छोटी रुग्णालयं बरीच आहेत, म्हणून मुलाखतीत वर्षाला किती बाळंतपणं होतात ते जरूर विचारा.

घोळ होतो तो एकाच रुग्णाला सातत्याने बघण्यात. पहिल्या वर्षी क्लिनिक आठवड्यातून जेमतेम अर्धा-एक दिवस. तुमचा मधुमेहाचा रुग्ण मग दर वेळी दुसऱ्याच डॉक्टरला भेटतो आणि औषधाचा डोस कुणीच बदलत नाही. पुढची तारीख स्वतःच्या क्लिनिकच्याच दिवशी द्या. नाइट ड्युटीत तुमच्या रुग्णांचे लॅब रिपोर्ट कोण बघतं, हेही आधीच ठरवून घ्या.