जुन्या हिंदी गाण्यांत 'अरेंजर' नेमकं काय करायचा? गाणं तर संगीतकाराचंच असतं ना?

चाल संगीतकाराचीच. पण गाणं गुणगुणताना मुखडा आणि अंतरा यांच्यामध्ये आपण तोंडाने जी वाद्यं वाजवतो ना, तो तुकडा बरेचदा अरेंजरच्या हातचा असतो.

मी हौसेने पेटी वाजवतो. चाल दोन दिवसांत बसते, मधलं म्युझिक मात्र पेटीवर कधीच मूळ गाण्यासारखं वाटत नाही. वाटणार कसं? व्हायोलिनचा एक गट एक ओळ वाजवतो, दुसरा तिच्याखाली वेगळी, चेलो तिसरंच काही. 1950-60 च्या दशकांत मुंबईत संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा आणि प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र कागद अरेंजर लिहून काढायचा. गायक आणि वादक तेव्हा एकत्रच रेकॉर्ड करत. एकाचा सूर हुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून! एवढा मोठा ताफा नुसत्या तोंडी सूचनांवर चालवणं अवघडच होतं.

हे कागद लिहिणारे-वाचणारे बरेचसे गोव्याचे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवत. ती पोरं पुढे मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये आली आणि तिथून स्टुडिओत. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला ट्रम्पेट आठवा. त्यांच्याबरोबर काम करणारा चिक चॉकलेट हा असाच बँडवाला गोवेकर.

यातलं सगळ्यात मोठं नाव माझ्या मते सबॅस्टियन डिसूझा. फाळणीआधी ते लाहोरला होते, नंतर मुंबईत आले आणि शंकर-जयकिशनचे कायमचे अरेंजर झाले. गायक गात असताना मागे व्हायोलिन स्वतःचीच एक वेगळी धून धरून चालतात, ती त्यांची खासियत. पण इथेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. याच सबॅस्टियननी ओ. पी. नय्यर यांच्यासाठीही काम केलं. तरी नय्यरचा टांग्याचा ठेका आणि शंकर-जयकिशनचा व्हायोलिनांचा भरजरी थाट यांत कोणाचा घोटाळा होतो का? अजिबात नाही. म्हणजे कोणतं वाद्य हवं, किती हवं, गाण्याचा स्वभाव काय, हे संगीतकारच ठरवत होता. हल्ली 'सगळं खरं तर अरेंजरच करायचे' असं ठोकून दिलं जातं, ते मला म्हणूनच पटत नाही. शिवाय सलील चौधरी, प्यारेलाल यांच्यासारखे संगीतकार वाद्यमेळ स्वतःच लिहू शकत.

अन्याय झाला तो श्रेयाचा. शंकर-जयकिशनच्या सिनेमांची श्रेयनामावली थांबवून पाहा, दत्ताराम आणि सबॅस्टियन ही नावं 'सहायक' म्हणून दिसतील. यातल्या दत्तारामांचा ढोलकवरचा ठेका इतका गाजला की वादक त्याला आजही 'दत्तू ठेका' म्हणतात.

आणि अँथनी गोन्साल्विस? गोव्यातल्या माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक आणि अरेंजर प्यारेलालचे गुरू. शिष्याने 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये गुरूचं नाव गाण्यात घातलं. अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभमुळे ते घराघरांत पोचलं, पण असा माणूस खरोखर होता हे मला स्वतःला कितीतरी वर्षांनी कळलं.